मधली कोरी जागा

माझं डोकं तापट, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणूनच त्या सकाळी ब्रश घेऊन माझ्या चित्रासमोर बसलेले अब्बा मला बघताच म्हणाले, "ओरडू नकोस, आधी बघ."

बघायचं काय, कपाळ? सहा महिने खपून केलेलं चित्र. चारी बाजूंनी गालिच्याची किनार, आत अरबी अक्षरांसारखे फटकारे. वाचायला गेलात तर अर्थ काही लागायचा नाही. वळणं मात्र अम्मीची. ती आमच्या गालिच्यावर बसून शेजारपाजारच्या मुलींना अलिफ-बे गिरवायला शिकवायची. ती गेली, म्हणून मध्ये तिच्या बैठकीएवढी जागा मी कोरी ठेवली होती. त्या जागेसाठीच तर सगळा खटाटोप. माझं पहिलंवहिलं प्रदर्शन. चित्र न्यायला माणसं दुपारी यायची होती. घरात दुसरीकडे मावेना म्हणून तोवर ते अब्बांच्या खाटेसमोर उभं केलं होतं.

आणि अब्बांनी नेमकी तीच जागा भरायला घेतली होती. चाळीस वर्षं फाटके गालिचे दुरुस्त केलेला माणूस. भोक दिसलं की हात शिवशिवणारच. गाठीएवढे बारीक ठिपके, ओळीखाली ओळ, किनारीतला लाल अगदी अचूक जुळवलेला. निम्म्याहून जास्त भरून झालं होतं.

मी नको नको ते बोलले. तुम्हाला चित्रातलं काय कळतं, इथपर्यंत मजल गेली. रंग अजून ओला होता. तो पुसायला टर्पेंटाइनचं फडकं चित्राला लावणार, एवढ्यात ते म्हणाले, "ती तिची जागा आहे, कळलंय मला. डोळे उघडले की समोर रिकामी दिसते. बघवत नाही गं."

माझा हात तिथंच थांबला. अम्मी गेल्यापासून हा माणूस तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. दगड आहे नुसता, असं मी बहिणीला सांगत फिरायची. लाज वाटली मला.

त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. 

"खालची बाजू राहिलीय. माझ्याच्यानं होत नाही आता. तू भर."

मी फडकं टाकलं आणि शेजारी बसले. दुपारी माणसं आली तेव्हाही आम्ही भरतच होतो. हे चित्र मिळणार नाही, म्हणून सांगितलं. माणसं कुरकुरत गेली. शेवटच्या ओळीला मात्र मला रडू फुटलं, आणि अब्बांनाही. अम्मी गेल्यानंतर आम्ही दोघं एकत्र कधी रडलोच नव्हतो.