अर्वोच्या गाडीचा जुना पॉइंट

मी पॉइंट बोलतोय. मोटारसायकलचा. नवीन गाडीवाल्यांनी मला बघितलेलंही नसेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्या अंगावर डाळीएवढी धातूची दोन टोकं आहेत. इंजिन फिरलं की ती मिटतात आणि उघडतात. ज्या क्षणी उघडतात, त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. क्षण चुकला की गाडी धक्के खाते. एवढंच माझं काम, आणि ते मी एकोणतीस उन्हाळे इमानाने केलं. उन्हाळेच मोजायचे, कारण आमच्या कॅनडातल्या थंडर बेमध्ये उरलेलं वर्ष गाडी चादरीखाली असते.

गाडी इंग्लंडची, एका सिलिंडरची, दणकट. मालक अर्वो निस्कानेन, कागदाच्या गिरणीत फिटर. आईबाप फिनलंडहून आलेले, आणि शब्द जपून वापरायचे ही घरची शिस्त. बायको गेली तेव्हा हा आठवडाभर घरच्या वर्कशॉपमध्ये बसून माझी टोकं घासत होता. गरज नव्हती. तो रडत होता असं मला वाटतं, पण खात्री नाही.

बर्फ वितळलं की माझं टायमिंग लावायचं, हा त्याचा दर मे महिन्याचा नेम. सिगारेटचा पातळ कागद माझ्या टोकांत धरायचा, इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं, आणि कागद अलगद सुटला की तोच ठिणगीचा क्षण. हे तो डोळे मिटून करायचा. शेजारचा रेनो, त्याचा शाळेपासूनचा मित्र, दारात कॉफी पीत म्हणायचा, "लग्नात बायकोचा हात तरी एवढा हळुवार धरला होतास का रे?"

सत्तरी उलटली आणि अर्वोचा हात कापायला लागला. कागद सुटायच्या आधीच फाटायचा. गाडी ठसकत चालू लागली. त्याने प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, वायरी सोडून पुन्हा जोडल्या. सगळ्यांना नावं ठेवून झाली, मलाही. स्वतःच्या बोटांचं नाव मात्र काढलं नाही.

मुलगी सिर्का टोरांटोत शिक्षिका. तिने वाढदिवसाला माझ्या जागी बसणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची पेटी पाठवली. फोनवर म्हणाली, "पप्पा, आता कागद नको, घासाघीस नको. नुसती किक मारायची!" अर्वो म्हणाला, "बरं."

ऑक्टोबरात रेनोने ती बसवली आणि मला तंबाखूच्या उघड्या डब्यात टाकून फळीवर ठेवलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि माझं तोंडच बंद झालं. हात पुसत रेनो म्हणाला, "एक ध्यानात ठेव. हिला बॅटरी भरलेली लागते. उतरलेल्या बॅटरीवर ही भलत्याच वेळी ठिणगी टाकते. किक उलटी बसेल."

"माहितीये," अर्वो म्हणाला.

माझं तसं नव्हतं. बॅटरी अर्धमेली असली तरी मी ठिणगी वेळेवर द्यायचो. लुळी, पण वेळेवर. त्यामुळे हिवाळ्यानंतर बॅटरी चार्ज करायची सवय अर्वोला कधी लागलीच नाही.

मे उजाडला. ऊन पडलं. अर्वोने चादर काढली, गाडी दारात आणली.

"हॉर्न दाब," रेनो म्हणाला.

हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला.

"लाव चार्जरला. उद्या जाऊ फिरायला."

"इतकी वर्षं अशाच बॅटरीवर किक मारत आलोय मी."

"लेका, तेव्हा पॉइंट होता!"

"बाजूला हो."

त्याने किक मारली. ठिणगी आधीच पडली, किक तेवढ्याच जोराने उलटी आली, आणि नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मी फळीवरून ऐकला. तो गाडीला टेकून तसाच खाली बसला.

सिर्का दुसऱ्या दिवशी आली. दीड महिन्याने त्याला हॉस्पिटलमधून चाकाच्या खुर्चीवरून घरी आणलं, तेव्हा तो आधी वर्कशॉपमध्ये आला. तिथे सिर्का गाडीकडे बघत म्हणाली, "मीच पाठवली ना ती पेटी. रेनोकाका, मी नसती पाठवली तर..."

रेनोने अर्वोकडे बघितलं. अर्वो म्हणाला, "जुनं ते बरं होतं." बस, एवढंच.

ती आत गेल्यावर रेनो कडाडला, "अरे, सांग तिला! पोरगी स्वतःला खातेय."

"सांगितलं तर म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला, ह्याला एकटं ठेवायला नको. घर विकेल. मला वृद्धाश्रमात टाकेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

अर्वोने खुर्ची गाडीकडे वळवली. रेनो मग यायचा बंद झाला.

हाड नीट जुळलं नाही, म्हणून सिर्काने टोरांटोची नोकरी सोडली. आता ती त्याला अंघोळ घालते, पाय चोळते, राय धान्याचा फिनिश पाव भाजते. पेटी तिने कचऱ्यात टाकली आणि त्याला विचारून विचारून मला परत गाडीत बसवलं. तिचा हात चांगला आहे, अगदी बापासारखा. दर रविवारी त्याला ऐकू यावी म्हणून ती गाडी सुरू करते. बॅटरी आदल्या दिवशीच चार्जरला लावलेली असते, कारण ती मुळातच काळजीवाली आहे. मी ठिणगी देतो. खुर्चीत बसून तो मान डोलावतो. माझं एवढं कौतुक कधीच झालं नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटते.

गेल्या रविवारी त्याने तोंड उघडलं. "सिर्का, त्या दिवशी ना..."

"राहू द्या पप्पा," ती खाली बसून त्याच्या पायावर घोंगडी नीट करत म्हणाली. "चूक माझीच होती. किती वेळा तेच बोलायचं?"

मग त्याने कॉफी मागितली.

वाचकहो, मला वाचा नाही. हवं तर मला काढून भंगारात टाका. पण कोणीतरी त्या मुलीला सांगा, की त्या सकाळी बॅटरी उतरली होती आणि तिच्या बापाला ते ठाऊक होतं.