मुलाम्याची तार

२००४ साली संयोगिताच्या पीएच.डी.चा विषयच बंद करायला निघाले होते.

ती कसबा बावड्याची. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेवर ती निकेल आणि लोखंडाचा पातळ मुलामा चढवायची. अशा तारेतून वेगानं उलटसुलट धावणारी वीज सोडली आणि जवळ चुंबक आलं, की तार विजेला करते तो विरोध बदलतो. त्यावरून अगदी क्षीण चुंबकत्वही हेरणारा सेन्सर करता येईल, असं तिचं म्हणणं.

आढावा समितीतल्या डॉ. इंगवल्यांना ते मान्य नव्हतं. "तार तापते म्हणून आकडा बदलतो," ते सगळ्या विभागासमोर म्हणाले. "विषयच चुकीचा आहे. दुसरा घ्या."

तिचे मार्गदर्शक संगमेश सर खाली मान घालून बसले होते.

"विषय बदलणार नाही," संयोगिता म्हणाली. "तापल्यामुळं होत असेल, तर तार कुठल्याही दिशेला ठेवली तरी आकडा तोच यायला हवा. नुसत्या पृथ्वीच्या चुंबकत्वावर दाखवते."

लाकडी पट्टीवर ताणलेली तार तिनं टेबलावर फिरवली. मीटरवरचे आकडे वाटेल तसे नाचले. इंगवले हसले. "झालं समाधान?"

तिनं टेबलावर बोटं वाजवली आणि बावड्याची बोली तोंडातून सुटली. "टेबल लोखंडी हाय की, सर! हितं न्हाय जमायचं. भाईर चला."

"आम्हाला वेळ नाही."

"विषय बंद करायला हाय, आन् बघायला न्हाय व्हय?"

मग संगमेश सर उठले, मीटर उचलला आणि दाराकडं चालू लागले. बाकीच्यांना मागोमाग जावंच लागलं.

मैदानात लाकडी स्टुलावर पट्टी मांडली, लांब वायर ओढून वीज घेतली. तार उत्तर-दक्षिण केली, आकडा चढला. पूर्व-पश्चिम केली, उतरला. इंगवल्यांनी स्वतः फिरवून पाहिली. पुन्हा तेच.

"ठीक. चालू ठेवा काम," म्हणत ते वळले.

"थांबा, सर. विषय चुकीचा आहे, हे सगळ्यांसमोर बोललात. आता बरोबर आहे, हेही सगळ्यांसमोर बोला."

संगमेश सरांनी दचकून तिच्याकडं पाहिलं. तिची नजर इंगवल्यांवरून हलली नाही.

"तापण्याचा परिणाम नव्हे," इंगवले तुटकपणे म्हणाले. "माझा अंदाज चुकला."

"आभारी आहे," संयोगिता म्हणाली. "अहवालात पण असंच लिहा."