बाटलीतली माया

शिवणकाम करणारी आई कुठलाही कपडा बेतताना शिवणीत बोटभर जास्तीचं कापड सोडायची. शिंपी त्याला माया म्हणतात. "माया असली की पुढे उसवून वाढवता येतं," असं ती येईल त्याला ऐकवायची. हाच हिशेब तिने औषधालाही लावला आणि तिथेच घात झाला.

लेकीचा खालचा जबडा पुढे आलेला. समोरचे दात कधी एकमेकांना भेटलेच नाहीत. आईसारखा दातांनी दोरा तोडायची एवढीशी हौस, तीही राहून गेली होती. एकविसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. जबडा मागे घेऊन हाडावर धातूच्या पट्ट्या बसवल्या, दात रबरांनी बांधले. बोलायचं ते पाटीवर. डॉक्टरीणबाईंनी पातळ औषध दिलं. "जंतू शिरू नयेत म्हणून आहे. तीन दिवस, पूर्ण द्या."

पहिला दिवस बरा गेला. ताप नाही, पू नाही. दुखणंच नाही तर औषध कशाला वाया घालवा, म्हणून दुसऱ्या दिवसापासून आई निम्माच डोस देऊ लागली. उरलेली बाटली तिने अडीनडीला म्हणून कपाटात ठेवली.

लेकीने पाटीवर लिहिलं, "कमी आहे."

"गप गं शहाणे," आई म्हणाली आणि गप्प बसलेल्या पोरीला गप म्हटल्याचं तिचं तिलाच हसू आलं.

दहाव्या दिवशी गाल टरारून फुगला. आई बाटली घेऊनच दवाखान्यात धावली.

"जपून ठेवलंय. आता देऊ?"

डॉक्टरीणबाई बाटलीकडे बघतच राहिल्या. "हे आग लागू नये म्हणून होतं, विझवायला नाही. आता पट्टी काढावी लागेल, जबडा पुन्हा सरकू शकतो. एवढं उरलं कसं?"

आईने बाटली पदराआड घेतली. तेवढ्यात लेकीने पाटी पुढे केली. "मीच घेतलं नाही. कडू होतं."

डॉक्टरीणबाई तिला चांगल्याच रागावल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आईचं तोंड कुणी बांधलेलं नव्हतं, तरी शब्द फुटायला फार वेळ लागला.

"तिचं नाही, माझं चुकलं. मी माया ठेवली."

"माया सगळ्याच आयांना असते हो," डॉक्टरीणबाई नरमल्या. "पूर्ण घेऊनही कधीकधी होतं म्हणा. पण औषध पूर्ण द्यायला हवं होतं."

पट्टी निघाली. गाल उतरला, पण समोरच्या वरच्या-खालच्या दातांत पुन्हा फट पडली. लेक त्याबद्दल कधी बोलली नाही. आई मात्र आता दोरा कात्रीनेच तोडते, लेक घरात नसली तरी.