वाट बंद होण्याची वेळ

मित्रांनो, सुट्टीत कधी बंदरावर उतरलात, तर सामान खाली ठेवण्याआधी डावीकडे पाहा. होड्यांची तिकीटखिडकी दिसेल आणि तिला लागून काळ्या रंगाची एक रुंद फळी. ती मी. इथला भरती-ओहोटीचा जुना फळा.

त्याआधी मी एका मालवाहू जहाजाच्या कोठीचे झाकण होतो. जहाज मोडीत निघाले तेव्हा इथल्या होड्या बांधणाऱ्या सुताराने मला उचलले, तासले, घासले, काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी रंगवल्या : ‘वाट उघडेल’ आणि ‘वाट बंद होईल’. पुढची जागा रोजच्या खडूसाठी मोकळी.

समोर समुद्रात दीपगृहाचा खडक आहे. ओहोटीला पाणी हटले की धक्क्यापासून खडकापर्यंत वाळूची एक वाट उघडी पडते. चालायला पंधरा मिनिटे. भरती आली की तीच वाट पाण्याखाली, इतकी खोल की उंच माणूसही बुडावा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून वाटही रोज तेवढीच उशिरा उघडते. समुद्रासारखा वक्तशीर गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही. फक्त त्याचे घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही. ते जुळवून सांगणे हेच माझे काम.

आणि पाहण्यासारखे इथे किती आहे! सकाळी मासळीचा लिलाव. लिलाव पुकारणारी बाई एका श्वासात किती आकडे म्हणते, हे मी कित्येकदा मोजायला घेतले आणि दर वेळी हरलो. लिलाव आटोपला की होड्यांच्या डागडुजीची जागा गाठावी. तिथे फळ्यांच्या फटींत कापूस ठासून बसवतात आणि लाकडी हातोड्याचा ठोका ऐकून फट भरली की नाही ते सांगतात. वाटेने खडकाकडे जाताना खळग्यांत साचलेले पाणी लागते. त्यात आपले घर पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे असतात. आणि शेवटी दीपगृह. एकशे त्रेचाळीस पायऱ्या चढल्यावर काचेच्या कड्यांचे ते प्रचंड भिंग दिसते. आत मुठीएवढा दिवा, पण भिंगाने वळवलेला त्याचा उजेड कित्येक कोसांवरच्या खलाशाला वाट दाखवतो. परत येणाऱ्यांचे चेहरे पाहून मला वाटायचे, आपण नुसती वेळ सांगत नाही, हे सारे यांच्या हाती देतो.

बत्तीस वर्षे माझ्यावर एकाच माणसाने लिहिले. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते, पण अक्षर असे की सारे त्यांना मास्तर म्हणत. रोज पहाटे ओल्या फडक्याने मला पुसायचे, वाटेच्या वेळांचा छापील तक्ता पाहायचा आणि लिहायचे. मात्र वाट बंद होण्याची वेळ ते तक्त्यापेक्षा वीस मिनिटे अलीकडची लिहीत. माणूस खेकडे बघताना उशीर करणारच, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी हे कुणाला सांगितले नाही, पण बंदरात गुपित आणि मासळी फार काळ झाकून राहत नाहीत. नावाड्यांना कळले, नेहमी येणाऱ्या पाहुण्यांना कळले. कळले नाही ते फक्त त्यांच्या मुलीला. ती शिकायला बाहेरगावी होती.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांचे गुडघे बोलू लागले आणि तिकीटखिडकी व खडू दोन्ही मुलीकडे आली. तिला सारे ताई म्हणतात. ताई हिशेबाला पक्की. तिने बाबांची रोजच्या वेळांची जुनी वही तक्त्याशी ताडून पाहिली. दुसरी ओळ रोज वीस मिनिटांनी चुकलेली! बाबांची नजर थकली असावी, असे तिला वाटले. बोलून त्यांना कशाला दुखवा? तिने गुपचूप खऱ्या वेळा लिहायला सुरुवात केली. मास्तर रोज संध्याकाळी समोरच्या बाकावर येत, पण माझ्याकडे पाठ करून बसत. मुलीच्या कामात डोकावायचे नाही, हा त्यांचा नियम. दोघांचे एकमेकांवरचे प्रेम असे, आणि मधे मी.

नवख्या पाहुण्यांना काही फरक पडला नाही. मग एके दिवशी ते निवृत्त पोस्टमन आजोबा आले. चौदा वर्षे दर सुट्टीत येणारे. बरोबर सात वर्षांची नात.

“आजोबा, चार चाळीसला बंद लिहिलंय.”

“म्हणजे पाच वाजता. हा फळा ना, अगदी तुझ्या आजीसारखा आहे. गाडी दहाची असली की साडेनऊची म्हणून सांगते.”

नात खिदळली. दोघे वाळूवर उतरले. माझ्यावरचे चार चाळीस खरे होते, आणि ते ओरडून सांगायला मला तोंड नव्हते. मित्रांनो, असहाय असणे म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळले.

पाचला दहा कमी असताना ताई खिडकी आवरून बाहेर आली आणि थबकली.

“बाबा, वाटेवर दोघं आहेत अजून!”

“असू दे गं. फळा बघून गेलेत ना? वीस मिनिटं हाताशी असतात.”

“कसली वीस मिनिटं?”

मास्तर वळले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “हे चार चाळीस कुणी लिहिलं?”

“मीच. तक्त्यात तेच आहे. तुमचं रोज चुकत होतं बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“चुकत नव्हतं पोरी! मुद्दाम लिहीत होतो!”

ही वाट मधोमध बुडत नाही. ती आधी धक्क्यालगतच्या खोलगट भागात बुडते. त्यामुळे चालणाऱ्याला पायाखाली वाळू दिसत राहते, आणि पाणी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मागे वळावे तर खडकाकडची वाटही तोवर भिजू लागलेली.

“वल्हेमामा! होडी काढा!” मास्तर गुडघे विसरून धावले. वल्हेमामा म्हणजे इथला सर्वांत जुना नावाडी. त्याने हातातला चहाचा पेला तसाच पाण्यात फेकला. ताईने होडीत उडी घेतली.

मला दिसत होते. आजोबा छातीभर पाण्यात, नात खांद्यांवर, दोन्ही हातांनी त्यांचे कपाळ धरून. एक लाट आली, ते कलले, सावरले. दुसरी आली आणि तेवढ्यात वल्हेमामाचा हात त्यांच्या कॉलरला पोचला.

धक्क्यावर ब्लँकेटमध्ये गुंडाळल्यावर नात आधी रडली, मग म्हणाली, “आजोबा, आपली गाडी सुटली.”

“आजोबा, सरळ चार चाळीस लिहिलं होतं हो!” ताई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

“लिहिलं होतं गं. पण हा फळा वीस मिनिटं खोटं बोलतो, म्हणून तर चौदा वर्षं मी त्याच्यावर विश्वास ठेवला!”

मास्तर म्हणाले, “खोटं मी लिहिलं, खरं तू लिहिलंस, आणि बुडायची वेळ आली तिसऱ्यावर.”

“मी तरी पुसण्याआधी विचारायचं होतं,” ताई म्हणाली.

दुसऱ्या सकाळी बंदर कचेरीतून साहेब आले. “काढून टाका हा फळा. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत.”

“मोबाइल भरतीची वेळ सांगतो, साहेब,” ताई म्हणाली. “आपल्या धक्क्याजवळचा खळगा कधी भरतो, ते त्याला कुठं ठाऊक?”

साहेबांनी समुद्राकडे पाहिले आणि “मग राहू दे,” म्हणून गेले. ताईने ब्रश आणला. मास्तरांनी माझ्यावर तिसरी ओळ रंगवली. त्या दिवशी मी असा दिसत होतो : ‘वाट बंद होईल : ५.३०. खडकावरून परत निघा : ४.५५.’ खाली ताईने खडूने लिहिले : ‘वरच्या वेळा खऱ्या आहेत. त्यांत काही मिळवू नये.’

मित्रांनो, माझ्यावर जाहिराती चिकटवू नका, मला वर्षातून एकदा रंग द्या, एवढे तर मी मागणारच. पण खरे मागणे वेगळे आहे. कुणाच्या काळजीपोटी आकडा बदलू नका. आकडा खरा ठेवा आणि काळजी वेगळ्या ओळीत लिहा. आणि आपल्या माणसाची चूक दिसली, तर ती गुपचूप पुसण्याआधी त्याच्या शेजारी बसून एकदा विचारा.

त्या दुपारी आजोबा आणि नात पुन्हा वाळूवर उतरले. आदल्या दिवशी खेकड्यांपायी दीपगृह राहून गेले होते. पाच वाजून आठ मिनिटांनी दोघे कोरड्या चपलांनी माझ्यासमोर उभे होते, आणि नात मास्तरांना सांगत होती की पायऱ्या एकशे त्रेचाळीस नाहीत, एकशे चव्वेचाळीस आहेत.

“असतील,” मास्तर म्हणाले आणि बाकावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली. “उद्या ताईला घेऊन जा. दोघी मिळून मोजा.”