कोंडाजीचा वाघ

कोळवणच्या इतिहास मंडळाचं जेवण महिन्याच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या पडवीत असतं. मंडळ काढलं उर्मिला जोगळेकरांनी. पुण्याच्या एका संग्रहालयातून निवृत्त होऊन त्या इथं राहायला आल्या. लोक पानावर बसले की मोकळं बोलतात, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. म्हणून आधी पंगत, मग गोष्ट. ज्यानं त्यानं घरून काहीतरी करून आणायचं.

गौतमी गायकवाड घोटावड्याच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर आहे. मंडळात तिच्याकडे एकच काम होतं. गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि नंतर सावकाश ऐकून वहीत उतरवायची.

फेब्रुवारीत गोष्ट नथूआबा ढमाल्यांची होती. ती गावाला पाठ होती, तरी लोक मुद्दाम आले. आबांचे आजोबा कोंडाजी पहाटे ओढ्यावर गेले, ढाण्या वाघ समोर आला आणि कोंडाजीनं कोयत्याच्या एकाच घावात त्याचं डोकं फोडलं. तेव्हापासून जत्रेचा पहिला नारळ ढमाल्यांचा. सत्तरी ओलांडलेले आबा घाव दाखवायला अजून उठून उभे राहत.

बुधवारी कामावरून आल्यावर गौतमी ते रेकॉर्डिंग ऐकत होती. आबांचा घाव झाला, लोक हसले, आणि त्या हसण्याखाली एक बारीक आवाज आला. तिनं मागं जाऊन पुन्हा ऐकलं. मोबाइल तिनं सतरंजीवर आपल्या आत्याच्या, सगुणाबाईच्या पुढ्यात ठेवला होता. आवाज आत्याचाच होता.

"त्याच्या डोक्याला तर खरचटलं बी न्हवतं."

गौतमीला राहवलं नाही. बुद्धविहाराच्या मागंच आत्याचं घर, ती तशीच तिकडं गेली. आत्यानं आधी टाळलं. मग म्हणाली, वाघ मेला तेव्हा तो ओढून खाली आणायला गावानं आपल्याच माणसांना बोलावलं होतं. मेलेलं जनावर ओढायचं काम तेव्हा या वस्तीवरच लादलेलं. त्यात आत्याचे आजोबा भिवा होते. वाघाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतका तो वाळलेला होता, अंगावर कुठंही घाव नव्हता. भिवानं त्याचा जबडा उघडून पाहिला तर जिभेत, टाळ्यात, घशात साळिंदराचे काटे रुतलेले. कितीतरी दिवस त्याला काही खाता आलं नसणार.

आत्यानं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात एक काळा-पांढरा काटा होता, वितीएवढा. भिवानं तेवढा एकच घरी आणला होता. पुढं घरातल्या बायका त्यानं भांग पाडायच्या.

गौतमीनं तो उजेडात धरला. टोक अजून बोटाला टोचत होतं. इतकी वर्षं हे कुणाला का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं.

"इचारलं कुणी?" आत्या म्हणाली.

गौतमीनं सगळं जोगळेकरबाईंच्या कानावर घातलं. बाईंचे डोळे चमकले, पण त्यांनी एकच सल्ला दिला. पंगतीत काही बोलण्याआधी हे आबांना सांगायला हवं, आणि तेही सगुणाबाईच्या घरच्याच माणसानं.

दोन दिवस गौतमीचा पाय निघेना. ढमाल्यांशी वाकडं आलं तर वस्तीला जड जाईल, ही भीती होतीच. शनिवारी ती गेली. आबा गोठ्यापुढं वाल निवडत बसले होते. तिनं एका दमात सांगून टाकलं आणि ओरडा खायची तयारी ठेवली.

आबांनी हातातले दाणे खाली टाकले. मग म्हणाले, की लहानपणी त्यांनी आजोबांना ही गोष्ट सांगायला लई वेळा गळ घातली होती. दर वेळी म्हातारा उठून बाहेर जायचा. घरातल्यांना वाटायचं, स्वतःचा मोठेपणा सांगायला लाजतो.

"मग हातात कोयता घिऊन तितं करत काय हुता त्यो?" आबांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ते आत्यालाच ठाऊक असेल, असं गौतमी म्हणाली. आबांनी वाल तसेच सोडले, टोपी घातली आणि तिच्याबरोबर निघाले. वस्तीच्या रस्त्यानं ते जन्मभर गेले होते, पण सगुणाबाईचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. दारात ते घुटमळले. आत्यानं "या की" म्हणून चटई टाकली, तेव्हा आत आले. तिनं दिलेला चहा त्यांनी घेतला.

काटा हातात फिरवत त्यांनी तोच प्रश्न विचारला. आत्यानं भिवाकडून ऐकलेलं, आणि भिवाला कोंडाजीनंच सांगितलेलं, जसंच्या तसं सांगितलं. कोंडाजी सरपणाला गेला होता. ओढ्याच्या पलीकडं वाघ पाण्यात तोंड घालायचा आणि वेदनेनं बाहेर काढायचा. त्याला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. कोंडाजीला पळता आलं असतं. तो अलीकडच्या काठावर बसला, आणि वाघाचा जीव जाईपर्यंत तिथनं उठला नाही. उजाडल्यावर लोक आले. त्यांना मेलेला वाघ दिसला आणि कोयता घेतलेला माणूस दिसला. गोष्ट त्यांनीच जुळवली.

"त्यानं न्हाई म्हनून सांगितलं असंल का?" आबांनी विचारलं.

"सांगितलं हुतं म्हनं. कुनी ऐकंना, मग गप झाला."

आबांनी काटा परत डब्यात ठेवला. पुढच्या पंगतीला हे तुमीच सांगा, एवढं म्हणून ते उठले.

मार्चच्या पंगतीत कुळथाचं पिठलं होतं. जेवणं झाल्यावर आबा नेहमीसारखे उभे राहिले. आजवर आपण सांगितलं ते खोटं होतं, खरं सगुणाबाईला ठाऊक आहे, असं सांगून खाली बसले. आबांचा पुतण्या उठून उघडच म्हणाला की घरची अब्रू चव्हाट्यावर कशाला? आबांनी त्याला हातानंच बसवलं. सगुणाबाई आधी अडखळली, पण जिभेतल्या काट्यांपर्यंत आली तेव्हा मागचे लोकही पुढं सरकले. मग प्रश्नांचा नुसता पाऊस. साळिंदर काटे फेकतं का? वाघाचं कातडं कुठं गेलं? तिला जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही म्हणून तिनं सांगितलं. गौतमी भराभर प्रश्न वहीत टिपत राहिली.

लोक पांगल्यावर आबा आत्याजवळ येऊन बसले.

"भिवा दिसायला कसा हुता?"

आत्या त्यांच्याकडं बघतच राहिली. "तुमी बगितलाय की त्याला. तुमच्याच खळ्यापल्याड बसायचा. एक डोळा अधू हुता."

आबांनी डोळे मिटले. असा एक म्हातारा होता खरा, ते म्हणाले. जाता-येता रोज दिसायचा, आपल्याकडं बघून हसायचा. त्याचं नाव काय, हे मात्र त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.