चिंचेपासून बावीस पावलं

"डोळ्यांना पट्टी बांधा माझ्या," चावीवाले म्हणाले, "आणि सोडा मला या रस्त्यावर कुठेही. मोठा व्हॉल्व्ह नाही दाखवला, तर नाव बदला."

नाव बदलण्यात तसा अर्थ नव्हता, कारण त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. छत्तीस वर्षं माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांनी गावाला पाणी सोडलं, म्हणून ते चावीवाले. निवृत्त झाले आणि मुलाकडे शहरात गेले. आता सहा वर्षांनी थोरल्या बहिणीला भेटायला आले, तर स्टँडवरच्या रिक्षावाल्याने त्यांनाच पत्ता विचारला. त्या रागात दोन दिवस उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

आज पडावंच लागलं. सकाळी आठला मोठी पाइपलाइन फुटली आणि पाणी सरळ ताईच्या घरात शिरलं.

शिरणारच. पूर्वी ताईकडे तीन पायऱ्या चढून जावं लागे. दर निवडणुकीला रस्त्यावर नवा थर पडला, जुना कुणी उकरला नाही. रस्ता वर वर गेला, ताई होती तिथेच राहिली. आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि खिडकीत उभी राहिली की तिचं तोंड लोकांच्या चपलांच्या उंचीवर येतं.

"अरे, पाणी खाटेच्या खुरांना लागलं!" ताई खिडकीतून ओरडली. "तिथे काय भाषण करतोयस?"

"पाय वर घेऊन बस, ताई! पाच मिनिटांत बंद करतो!"

पाणीपुरवठ्याच्या इंजिनीअरबाई टॅबलेट घेऊन उभ्या होत्या. उंच, तरुण, गमबूट घातलेल्या. "काका, तुम्ही निवृत्त होताना सांगितलेली माहिती आम्ही नकाशावर चढवली आहे."

"मग वाचा की."

"'चिंचेपासून बावीस पावलं, शिंप्याच्या दिशेने.'" बाईंनी बोट खाली सरकवलं. "पुढे शेरा आहे. 'चिंच आढळली नाही. शिंपी आढळला नाही.'"

"आढळणार कुठून? तोडलीत ना चिंच! आणि शिंपी काय तुमच्या ऑफिसची वाट बघत काज करत बसणार होता?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. शिंप्याच्या जागी मोबाइलचं दुकान. गिरणीच्या जागी व्यायामशाळा, तिच्या काचेआड एक माणूस फिरत्या पट्ट्यावर जिवाच्या आकांताने धावत होता आणि कुठेच पोचत नव्हता. थिएटरच्या जागी तीन बँकांची तीन मशीनं, तिन्ही बंद. आणि मधोमध, लोकांनी फोटो काढावेत म्हणून, माणसाएवढ्या लाल अक्षरांत 'माझं सुंदर गाव'. त्यातला 'सुं'वरचा अनुस्वार वाऱ्याने गेला होता.

"सुदर," चावीवाले दात खाऊन म्हणाले. "गावाची माती केली आणि वर पाटी लावली. तीही धड नाही."

"चिंच माझ्या खिडकीसमोर होती!" ताई ओरडली. "त्या निळ्या डबड्यापाशी! बोलण्यात वेळ घालवू नकोस, मेल्या!"

निळं डबडं म्हणजे विजेची पेटी. चावीवाले पेटीला पाठ लावून उभे राहिले, मोबाइलच्या दुकानाकडे तोंड केलं, खरोखर डोळे मिटले आणि मोजत निघाले. जमलेली गर्दी वाट देत मागे सरकली. बाविसाव्या पावलाला त्यांनी टाच आपटली.

"इथे. खणा."

जेसीबीने खणलं. दात मातीत गेला आणि काळी केबल घेऊन वर आला. मोबाइलच्या दुकानातून मालक धावत आला. "नेट गेलं! सगळ्या बाजाराचं नेट गेलं!"

"नेट गेल्याने कुणी तहानेने मरत नाही!"

"अहो आजोबा, मशीन चालत नाही, गिऱ्हाईक परत चाललंय!"

"आमच्या वेळी गिऱ्हाईक ओळखीचं असायचं. या रस्त्यावरच्या कुणाकडे कोणत्या वेळी नळ वाजतो, ते मला पाठ होतं. तुला शेजारचा ठाऊक आहे का?"

मालकाने शेजारी पाहिलं. शेजारी बँकेचं बंद मशीन होतं.

खड्डा छातीएवढा झाला तरी व्हॉल्व्ह नव्हता. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "नाव काय ठेवायचं मग काकांचं?" आणि हशा पिकला. चावीवाल्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"व्हॉल्व्ह इथेच होता! हलवलाय यांनी! अख्खा रस्ता सरकवलाय चोरांनी, मला न विचारता! छत्तीस वर्षं मोजलंय मी. माझी पावलं चुकत नाहीत!"

इंजिनीअरबाई खाली बघत होत्या. डांबरावर पसरलेल्या गाळात पेटीपासून खड्ड्यापर्यंत चावीवाल्यांच्या चपलांचे ठसे उमटले होते. एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला जवळजवळ टेकलेली.

खिडकीतून ताईनेही ते पाहिलं असावं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"बाळ," ती म्हणाली. हे नाव गर्दीतल्या कुणीच ऐकलेलं नव्हतं. "अरे, तू तेव्हा ढांगा टाकायचास. तुझ्याबरोबर बाजारात जायचं तर मला पळावं लागायचं."

चावीवाल्यांनी ठशांकडे पाहिलं. मग पाय जवळ घेतले, जणू कुणी ते मोजू नयेत.

"मी चालून बघू, काका?" बाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली नाही. पण अडवलंही नाही.

बाई पेटीपासून निघाल्या. लांब, सैल, घाई नसलेली पावलं. चावीवाले ओठांत मोजत राहिले. खड्डा बाराव्या पावलालाच मागे पडला. बाविसावं पाऊल लाल अक्षरांपाशी पडलं, 'सुदर'च्या 'द'खाली.

जेसीबीने 'द' उपटला. हातभर खाली लोखंडी झाकण होतं, त्याखाली व्हॉल्व्ह, आपल्या जागी, एक बोटही न हललेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चावीवाल्यांनी टाळ्या ऐकल्या आणि त्यांचा राग दुप्पट झाला, कारण आता तो ठेवायला जागा उरली नव्हती.

"चावी इकडे," ते पाणीपुरवठ्याच्या माणसाला म्हणाले.

"काका, माणसं आहेत ना, ती फिरव..."

"इकडे!"

त्यांनी चावी बसवली आणि सगळं अंग घालून फिरवली. एक आटा थिएटरसाठी, एक गिरणीसाठी, एक चिंचेसाठी. अठराव्या आट्याला पाण्याचा आवाज थांबला. ताईच्या खिडकीतून हात हलला.

"बास, काका. बंद झालं."

"मला शिकवू नका," चावीवाले म्हणाले आणि आणखी एक आटा दिला. मग आणखी अर्धा. आत कुठेतरी कड् असा आवाज झाला. त्यांनी चावी काढली, खांद्यावर टाकली आणि लहान लहान पावलं टाकत ताईकडच्या दोन पायऱ्या उतरून गेले.

पाइप दुपारी जोडून झाला. चारला पाणीपुरवठ्याची माणसं व्हॉल्व्ह उघडायला गेली, तेव्हा तो उघडला नाही. गावाला अकरा दिवस पाणी आलं नाही.