पुठ्ठ्यावरची सही

हेमचंद्र गुडघ्यांत फुटबॉल धरून पंपाने हवा भरत होता. फाटकापाशी मुली थांबल्या, रिकाम्या मैदानाला कमरेत वाकल्या आणि मगच आत धावल्या. सगळ्यांत खाली वाकली होती ती नेत्रा.

"घरी देवापुढे हात जोडायला चारदा सांगावं लागतं हिला," तो पुटपुटला.

"मुरोई कोचनी शिकवलंय ना," त्याची बायको शैलजा थर्मासमधला चहा ओतत म्हणाली. "जळू नकोस रे. तो जपानच्या टीममधून खेळलाय. तू नागपूर युनिव्हर्सिटीकडून."

"तीन वर्षं फुकट शिकवलं मी."

"नाही कोण म्हणतंय?"

तेच तर दुखणं होतं. नाही कुणीच म्हणत नव्हतं. डब्लिनच्या थंडीत नाक गळत असताना या मुलींना पहिली किक त्याने शिकवली होती. दोन हजार सहाच्या वसंतात क्लबने मुरोईंना आणलं आणि हा असिस्टंट झाला. पिझ्झावाल्याला मुरोईंचं नाव धड लिहिता येत नसे. पण जपानी किराणा दुकानाचा मालक त्यांना पाहून गल्ला सोडून बाहेर आला होता, हे हेमचंद्रने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

एवढ्यात टीममधल्या मिओचे आजोबा समोर येऊन उभे राहिले. आठवड्यापूर्वीच जपानहून आलेले. दोन्ही हातांनी त्यांनी एक पांढरा चौकोनी पुठ्ठा आणि पेन पुढे केलं. ते जे बोलले त्यातला 'कोच' एवढाच शब्द कळला.

मिओला त्यानेच तर घडवलं होतं. शंका आली नाही असं नाही, पण तोवर पेनाचं टोपण निघालं होतं. पुठ्ठ्याच्या ऐन मध्यावर त्याने ठसठशीत मराठीत सही केली आणि खाली रेघ ओढली.

आजोबांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग आधीपेक्षा खाली वाकले.

"ओह नो!" मिओ धावत आली. "दॅट वॉज फॉर कोच मुरोई!"

मुली खिदळल्या. नेत्राच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाबा, तुझी सही कशाला हवी असेल त्यांना?" तिने इंग्रजीत, अगदी हळू विचारलं.

तेवढ्यात मुरोई आले. मिओने त्यांना काय झालं ते जपानीत सांगितलं. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं आणि नेत्राला विचारलं, "व्हॉट डझ इट से?"

"हेमचंद्र," ती म्हणाली. "माय डॅड."

मुरोईंनी मान डोलावली. गुडघा टेकून त्यावर पुठ्ठा ठेवला आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत आपली सही केली. वर चिक्कार जागा मोकळी होती.

त्यांनी नुसतं हसण्यावारी नेलं असतं, तरी हेमचंद्रला ते परवडलं असतं.

तो वळला आणि गवतावर मांडलेले नारिंगी शंकू एकेक करून उचलू लागला.

"बाबा," मागून नेत्राचा आवाज आला, या वेळी मराठीत. "अजून प्रॅक्टिस सुरूच नाही झाली."